अष्टपादाची साक्ष

ज्याला वेदना होत नाहीत त्याला वेदना देऊन काही शिकविता येत नाही; आणि ज्याला वेदना देऊन शिकविता येते त्याला वेदना होत नाहीत असे म्हणता येत नाही. ही गोष्ट इतकी सरळ आहे की ती कागदावर मांडण्याचाही संकोच वाटावा. तथापि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील एका नामांकित प्रयोगशाळेत जे काम झाले, व ज्याच्या आधारावर मेंदूशास्त्राचे जाड ग्रंथ उभे राहिले, त्यात या सरळ गोष्टीची दोन्ही अंगे सोईनुसार कधी धरली, कधी सोडली गेली आहेत. प्राणी शिकतो की नाही हे पाहावयाचे असले म्हणजे विजेचा धक्का त्याला चांगला जाणवतो. धक्का देणाऱ्यास कोणी जाब विचारला म्हणजे तो बिनकण्याचा क्षुद्र जलचर, त्याला कसले सुखदुःख! व्यवसायाने आम्ही वकील आहोत. पक्षकाराने एकाच दाव्यात दोन परस्परविरुद्ध कैफियती दाखल केल्या तर न्यायाधीश काय म्हणतात हे आम्ही रोज ऐकतो. म्हणून या प्रकरणात तोंड घालण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो.

प्रकरण ऑक्टोपसाचे, म्हणजे अष्टपादाचे आहे. कोकण-गोव्याच्या वाचकांस माणकी ठाऊक आहे. अष्टपाद तिचाच भाऊबंद. आणखी मागे जावे तर तिसऱ्या आणि कालवे हीदेखील याच मृदुकाय कुळातील दूरची नातलग मंडळी. परंतु तिसरी शिंपल्यात मिटून बसली आणि अष्टपादाने शिंपला टाकून दिला. अंगावर कवच नाही, आत हाड नाही, रक्त निळे, हृदये तीन. अशा उघड्यावाघड्या देहाला शत्रूंनी भरलेल्या समुद्रात जगावयाचे तर त्याला अकलेवाचून दुसरा आधार नाही. ती अक्कल निसर्गाने त्याला दिली. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असून त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश त्याच्या आठ भुजांत वाटल्या गेल्या आहेत. आपण हाताने चाचपतो आणि डोक्याने ठरवितो. या प्राण्याच्या हातांतच निम्म्याहून अधिक डोके आहे. आणि एवढे सगळे वैभव कशासाठी, तर दीड-दोन वर्षांच्या आयुष्यासाठी. भूमध्य समुद्रातील सामान्य अष्टपाद याहून फार जगत नाही. मादी अंडी घालते, अन्न वर्ज्य करून ती राखीत बसते, आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरून जाते.

इटलीत नेपल्स शहरी समुद्रकाठच्या बागेत आन्टोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने १८७२ साली एक प्राणिशास्त्रीय केंद्र स्थापिले. तेथे १९४७ पासून जे. झेड. यंग आणि ब्रायन बॉयकॉट या इंग्रज शास्त्रज्ञांनी अष्टपादाच्या स्मृतीचा शोध आरंभिला. पद्धत अशी. टाकीच्या एका टोकास विटांचा आडोसा करून तेथे प्राण्याला राहू द्यावयाचे. दुसऱ्या टोकास दोऱ्याला बांधलेला खेकडा सोडावयाचा. नुसता खेकडा असेल तर अष्टपादाने धावून जावे, पकडावा, खावा. खेकड्याबरोबर पांढरा चौकोनी तुकडा दाखविला असेल आणि तरीही तो धावला तर त्याला विजेचा धक्का. थोड्याच खेपांत प्राणी उमजे: खेकडा एकटा असला तर जावे, सोबत चौकोन असला तर आपल्या घरात बसून राहावे. एवढे शिकवून झाले की शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूचा वरचा उभा खंड काढून टाकावयाचा आणि पुन्हा तोच खेकडा, तोच चौकोन, तोच धक्का. आता तो बिचारा पुनःपुन्हा धावे आणि पुनःपुन्हा धक्का खाई. दोन खेपांत पाचच मिनिटांचे अंतर ठेवले तर त्याला आठवे. दोन तासांचे ठेवले तर आठवत नसे. यावरून स्मृती मेंदूत कोठे व कशी साठते याविषयी फार मोलाची अनुमाने निघाली. ती मोलाची आहेत हे आम्ही नाकारीत नाही. यंग हे थोर शास्त्रज्ञ होते, त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात किंतु नाही. आणि दुष्टाव्याचा आरोप ठेवून हा वाद जिंकण्याची आमची इच्छाही नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. या प्रयोगात वेदना ही शस्त्रक्रियेतल्यासारखी नाइलाजाने होणारी गोष्ट नव्हे. ती प्रयोगाचे हत्यारच आहे. भूल देऊन हा प्रयोग करता येत नाही, कारण भुलीतला प्राणी काही शिकणार नाही. धक्का लागावा, तो नकोसा वाटावा, आणि त्या नकोसेपणाची आठवण दुसऱ्या दिवशीही राहावी, या तीन गोष्टी घडल्या तरच कागदावर आकडा पडतो. म्हणजे प्रयोगकर्त्याने आपल्या कृतीनेच मान्य केले आहे की समोरच्या जिवाला नकोसे वाटते. कायद्यात याला इस्टॉपेल म्हणतात. जी गोष्ट खरी आहे असे स्वतःच्या शब्दाने वा वर्तनाने दाखवून तुम्ही लाभ उठविला, ती खोटी आहे असे मागाहून म्हणण्याची तुम्हांस मुभा नाही. अष्टपादाला धक्का जाणवतो या गृहीतावर ज्यांनी निष्कर्ष काढले, त्यांनी निष्कर्ष ठेवून गृहीत परत करावयाचे, हा व्यवहार कोणत्याही कोर्टात टिकणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. आक्षेपक म्हणतात, गांडूळसुद्धा टोचले असता आखडते. अंग आखडणे म्हणजे दुःख नव्हे, ती शरीराची यांत्रिक प्रतिक्रिया होय. ठीक आहे. आखडण्यावरून दुःख सिद्ध होत नाही हे आम्हांस मान्य. परंतु चौकोन दिसताच, अजून कोणी स्पर्शही केला नसता, भूक लागलेली असता, समोर आवडते भक्ष्य लोंबत असता जो प्राणी आपल्या विटांमागे बसून राहतो, त्याच्या त्या बसून राहण्याला आखडणे कसे म्हणावे? तरीही संशयाचा फायदा आरोपीस द्यावा म्हटले तर २०२१ साली अमेरिकेतील रॉबिन क्रूक यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी अष्टपादांना निरनिराळे कप्पे पाहू दिले व प्रत्येकाला कोणता कप्पा आवडतो याची नोंद केली. मग एका भुजेत सौम्य ॲसेटिक आम्ल टोचून त्यांना त्या आवडत्या कप्प्यात ठेवले. पुढे मोकळे सोडल्यावर त्यांनी तो कप्पा टाळला. ज्यांना नुसते खारे पाणी टोचले होते त्यांनी टाळला नाही. नंतर आम्ल टोचलेल्यांना एका कप्प्यात लिडोकेन हे बधिर करणारे औषध दिले, तेव्हा तो कप्पा त्यांना आवडू लागला. ज्यांना दुखतच नव्हते त्यांना औषधाच्या कप्प्याचे काही अप्रूप नव्हते. शिवाय आम्ल टोचलेले प्राणी त्या जागेची कातडी आपल्या चोचीने कुरतडून काढीत होते. औषध मिळालेली जागा लक्षात ठेवणे ही यांत्रिक प्रतिक्रिया असेल तर दवाखान्याचा पत्ता लक्षात ठेवणारा रोगीही यंत्रच म्हणावा लागेल.

येथे आमच्यावरच प्रश्न उलटेल हे आम्ही जाणतो. हा पुरावाही दुखवूनच मिळविला ना? होय. आणि म्हणूनच तो पुन्हा मागण्याचा अधिकार आता कोणास राहिला नाही. साक्षीदाराची जबानी झाली, उलटतपासणी झाली, की त्याच मुद्यावर त्याला पुनःपुन्हा पिंजऱ्यात उभा करणे याला आमच्या व्यवसायात छळ म्हणतात. आणि आमच्या साक्षीदाराचा पिंजरा तर शब्दशः पिंजराच आहे.

आता थोडे चार्ल्सविषयी. पीटर ड्यूज यांनी याच नेपल्सच्या केंद्रात केलेला एक प्रयोग १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन अष्टपाद होते: अल्बर्ट, बर्ट्राम आणि चार्ल्स. टाकीत एक तरफ, ती ओढली की दिवा लागावा आणि माशाचा तुकडा मिळावा, अशी योजना होती. अल्बर्ट आणि बर्ट्राम बऱ्यापैकी नेमाने तरफ ओढू लागले. चार्ल्सने काही भुजा टाकीच्या भिंतीला चिकटवून उरलेल्या भुजांनी तरफ अशी खेचली की ती अनेकदा वाकली आणि अखेर मोडली. टाकीवर टांगलेला दिवा त्याने पाण्यात ओढला. त्याखेरीज तो टाकीबाहेर पाण्याच्या चिळकांड्या उडवी, आणि त्यांचा रोख बहुधा प्रयोगकर्त्याकडे असे. निबंधात याची नोंद आहे, आणि अशा वागण्याने प्रयोग सुरळीत चालण्यास अडथळा झाला असा तिचा सूर आहे.

या नोंदीवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. बुद्धीची परीक्षा चालली होती. परीक्षकाला बुद्धी कशी दिसली? सांगितलेली तरफ सांगितल्याप्रमाणे ओढण्यात. ती मोडण्यात, दिवा काढून घेण्यात, आपल्याला कोंडणारा नेमका कोण हे हेरून त्याच्यावर नेम धरण्यात त्याला अडथळा दिसला. कोर्टात अशा साक्षीदारास फितूर म्हणतात. परंतु फितूर साक्षीदाराची जबानी कोर्ट फेकून देत नाही. तिच्यातील जेवढे विश्वासार्ह तेवढे वाचले जाते, आणि कित्येकदा खटल्याचे खरे मर्म तीतच असते. आमच्या मते त्या तीन साक्षींत चार्ल्सची साक्ष सर्वांत विस्तृत होती. ती लिहून घेण्यास कागदावर रकाना नव्हता, एवढेच.

आणि चार्ल्स प्रयोगकर्त्याला ओळखत असावा ही आमची कल्पनेची भरारी नव्हे. अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयात रोलंड अँडरसन आणि जेनिफर मेथर प्रभृतींनी पॅसिफिक महासागरातील प्रचंड जातीच्या आठ अष्टपादांवर जी चाचणी घेतली ती २०१० साली प्रसिद्ध झाली. दोन माणसे, दोघांचा गणवेश एकच. एक रोज खाऊ घाली, दुसरा खरखरीत ब्रश लावलेल्या काठीने टोचे. दोन आठवड्यांच्या आत ते प्राणी त्या दोघांशी निरनिराळे वागू लागले. टोचणारा दिसला की दूर सरू लागले. ही तर आपली ओळखपरेड झाली, आणि तीत आरोपी अचूक ओळखला गेला.

त्याच २०१० साली जगाला अष्टपादाचे खरे वेड लागले ते मात्र वेगळ्याच कारणाने. जर्मनीतील ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात पॉल नावाच्या अष्टपादापुढे निरनिराळ्या देशांचे झेंडे लावलेल्या दोन पेट्या, प्रत्येकीत खाद्य, अशा ठेवीत. ज्या पेटीतले खाद्य तो उचली तो देश फुटबॉलचा सामना जिंकणार. त्या वर्षीच्या विश्वचषकात त्याची आठही भाकिते खरी ठरली. पोपटाकडून पाकीट काढविणाऱ्या रस्त्यावरच्या ज्योतिषाला आपले सुशिक्षित लोक हसतात; येथे अर्धी दुनिया डोळे लावून बसली होती. ज्या प्राण्याला माणसे ओळखता येतात, आडाखे बांधता येतात, त्याची कीर्ती झाली ती नाणेफेकीसारख्या योगायोगावर. ऑक्टोबरमध्ये तो मेला. असो.

बंदिवासातील बुद्धिमापनाचे मूळ दुखणे असे की, त्यात बंद्याची बुद्धी मोजली जाते. नेपल्सलाच १९९२ साली ग्राझियानो फिओरितो आणि पिएत्रो स्कोत्तो यांनी दाखविले की, एक अष्टपाद लाल व पांढऱ्या चेंडूंतून एक निवडताना दुसऱ्याने शेजारच्या टाकीतून पाहिले तर तोही तोच चेंडू निवडतो, आणि स्वतः धडे घेतलेल्यापेक्षा लवकर शिकतो. निष्कर्षावर टीका झाली. समुद्रात एकटा राहणारा प्राणी दुसऱ्याचे पाहून का शिकेल, असेही विचारले गेले. हा प्रश्न योग्य आहे, परंतु टाकीत त्याचे उत्तर नाही. उत्तर असेल तर समुद्रात. २०१६ साली न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा अष्टपाद रात्री टाकीबाहेर पडून, फरशी ओलांडून, निचऱ्याच्या नळीतून समुद्रात गेला. त्याला कोणी हा प्रश्न घातला नव्हता. त्याने आपण होऊन घेतला आणि सोडविला.

समुद्रात काय दिसते? इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर फिन, ट्रेगेन्झा आणि नॉर्मन या शास्त्रज्ञांनी केलेली निरीक्षणे २००९ साली प्रसिद्ध झाली. तेथील एका जातीचे अष्टपाद माणसांनी फेकलेल्या नारळाच्या करवंट्या तळाच्या चिखलातून उकरून काढतात, एकीत एक बसवून पोटाखाली घेतात, आणि ते ओझे सांभाळीत भुजा ताठ करून बांबूवर चालणाऱ्या पोरासारखे चालत जातात. चालताना त्या करवंट्यांचा काही उपयोग नाही, उलट अडचणच आहे. पुढे उघड्यावर धोका दिसला की दोन करवंट्या जोडून आत बसावयाचे. आज गैरसोय सोसून उद्याची सोय पाहणे याहून बुद्धीची दुसरी कोणती व्याख्या करावी? करवंटी आपल्या घरोघरी. परंतु करवंटीची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेस सुचली नव्हती. परीक्षक धीर धरून पाण्यात उतरला, विजेची तार घरी ठेवून आला, तेव्हा ती दिसली.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी घेतला आहे. ते म्हणतात, या चाचण्या झाल्या नसत्या तर अष्टपादाला कायद्याचे संरक्षणच मिळाले नसते. हे खरे आहे. यंग यांच्या स्वदेशात, इंग्लंडात, प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा १८७६ चा कायदा बिनकण्याच्या प्राण्यांना लागू नाही असे त्यातच स्पष्ट लिहिले होते. १९८६ च्या नव्या कायद्यानेही आरंभी त्यांना बाहेरच ठेवले. १९९३ साली सामान्य अष्टपाद या एकाच जातीला आत घेतले; जणू एकाच आडनावाच्या माणसांना मारणे गुन्हा, बाकीच्यांचे पाहू. युरोपीय संघाने २०१० च्या आदेशाने, आणि त्यास अनुसरून २०१३ पासून ब्रिटननेही, सर्व शीर्षपादांना, म्हणजे अष्टपाद, माणकी, माकूल या साऱ्यांना, प्रयोगनियमनाच्या कक्षेत आणले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या नेतृत्वाखाली तीनशेहून अधिक संशोधने तपासून २०२१ साली अहवाल निघाला, आणि २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने या प्राण्यांना सुखदुःख जाणणारे जीव म्हणून मान्यता दिली. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी अष्टपादांच्या मत्स्यशेतीवर बंदी घातली.

तेव्हा साक्षीचा उपयोग झाला. परंतु त्यावरून निघते काय? साक्ष कामी आली म्हणजे ती खरी मानली गेली. आणि ती खरी असेल तर ज्या कृत्याने ती मिळविली त्या कृत्यासही ती लागू पडते. ज्या चाचणीच्या निकालाने परीक्षकाच्या दुसऱ्या दिवशीच्या दिनक्रमात काहीच फरक पडावयाचा नाही, तिला आम्ही चाचणी म्हणत नाही. न्यायालयात दोन्ही पक्ष निकालाने बांधले जातात. येथे एकच पक्ष बांधलेला आहे, तोही अगोदरपासून. आम्ही सर्व प्रयोग बंद करा असे म्हणत नाही. झाकण लावलेल्या बरणीत खेकडा ठेवावा, चेंडू ठेवावेत, हवे तर चक्रव्यूह रचावा. प्राणी उघडील तर उघडील, नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसेल, आणि तेही लिहून घ्यावे. परंतु धक्क्याने पढविणे, आणि पढविलेले विसरतो की नाही हे पाहण्यासाठी मेंदू कापणे, याला आता अज्ञानाची सबब उरलेली नाही. ती सबब याच प्रयोगांनी खाऊन टाकली.

कोणी खवचटपणे विचारील, माणकीचे तोंडीलावणे मिटक्या मारीत खाणाऱ्या किनाऱ्यावर बसून हा कळवळा कशाला? खाण्याचा प्रश्न मोठा आहे आणि तो ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. आमचा दावा लहान आहे. जेवणारा माशाकडून त्याच्या बुद्धीचा पुरावा मागत नाही. जो मागतो, पुरावा घेतो, त्यावर निबंध लिहितो, त्याच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत चमत्कारिक आहे. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आणलेल्या विधेयकाच्या प्रेरणेने झालेल्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात प्राणी या शब्दाची व्याख्या आहे ती मनुष्याखेरीज कोणताही सजीव अशी. कण्याची अट नाही, उष्ण रक्ताची अट नाही. ब्रिटनला जे १९९३ साली अर्धेमुर्धे सुचले ते आपल्याकडे तेहतीस वर्षे आधी पूर्ण लिहिले गेले होते. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, परंतु पुढची कलमे वाचली की तो आवरता घ्यावा लागतो. कलम १४ नव्या ज्ञानासाठी होणाऱ्या प्रयोगांना मोकळी वाट देते. कलम १७ प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीवर अनावश्यक वेदना टाळण्याचे कर्तव्य टाकते. मात्र तेच कलम सांगते की, गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. म्हणजे दुःख मोजावयाचे ते देहाच्या आकारमानाने. ५० कोटी मज्जापेशींचा अष्टपाद या मापात कोठे बसतो? बेडकाशेजारी की बैलाशेजारी? आणि समितीचा आदेश मोडणाऱ्यास कलम २० प्रमाणे जास्तीत जास्त दंड दोनशे रुपये.

आमच्या मते कलम १७ मधील लहानमोठ्याचे माप काढून त्या जागी एवढेच घालावे की, ज्या प्रयोगात वेदना हेच शिकविण्याचे साधन आहे तो, कण्याचा असो वा बिनकण्याचा, कोणत्याही प्राण्यावर करावयाचा झाल्यास अर्जदाराने तोच प्रश्न वेदनेवाचून का सोडविता येत नाही हे आधी लेखी सिद्ध करावे. सिद्धतेचा भार त्याच्यावर राहील, टाकीतल्या जिवावर नव्हे. आणि दंडाची ती दोनशे रुपयांची रक्कम, १९६० साली तिचे काय मोल असेल ते असो, आज काचेच्या टाकीत एक दिवस भरावयाच्या खाऱ्या पाण्याच्या खर्चाशी तरी ताडून पाहावी.